रुखवतातला रशियन स्वार

डोंबिवलीतल्या एका कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर, माझ्या भाचीच्या रुखवताच्या टेबलावर, नेपोलियनच्या काळातला एक रशियन घोडदळ अधिकारी उभा होता. त्याच्या एका बाजूला काड्यापेटीच्या काड्यांचं देऊळ होतं, दुसऱ्या बाजूला रंगीत डाळींची सप्तपदी. अधिकाऱ्याची उंची मधल्या बोटाएवढी. अंगात निळा डगला, त्यावर रुपेरी गोफाच्या आडव्या ओळी, एका खांद्यावर लोकरीच्या काठाचा दुसरा डगला नुसताच टाकलेला, कमरेला वाकडी तलवार, पायाखाली बर्फ. घोडा नव्हता.

घोडा का नाही, हे त्या दिवशी इतक्या जणांनी विचारलं की शेवटी मी एक उत्तर ठरवून टाकलं. "आत्ताच उतरलाय," असं सांगायचो आणि पुढे सरकायचो.

भाची ठाण्याला एका कंपनीत काम करते. संध्याकाळी घरी आली की गॅलरीतल्या टेबलावर दिवा लावून बसते आणि पोस्टाने मागवलेल्या करड्या, बिनरंगाच्या बाहुल्या रंगवते. बाहुल्या हा शब्द तिच्यासमोर वापरायचा नाही. ती 'फिगर' म्हणते. तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, 'सैनिक' म्हणते आणि पाहुण्यांसमोर काहीच म्हणत नाही. स्थळं बघायला सुरुवात झाली तेव्हा बायोडेटात छंद या शब्दापुढे ताईने 'वाचन, पाककला' असं लिहिलं. भाचीला अंडं उकडता येतं.

लग्न ठरलं कल्याणच्या एका कुटुंबात. मुलगा विमा कंपनीत, वडील जवळच मोहने गावातल्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले, आई घरी ब्लाउज शिवणाऱ्या. माणसं चांगली, याबद्दल दोन्हीकडे एकमत होतं. घर दोन खोल्यांचं. त्या घरात चांगल्या उजेडाची खिडकी एकच आहे, हे भाचीने पहिल्याच भेटीत हेरलं होतं. तेव्हापासून तिच्यापुढे प्रश्न एकच होता: लग्नानंतर आपलं टेबल त्या घरात जाणार की नाही.

लग्नाच्या आधी मी ताईकडे गेलेलो तेव्हा भाची गॅलरीत अधिकाऱ्याच्या गळ्यातली फीत रंगवत होती. लाल फीत, काठाला पिवळी रेघ.

"टेबलाचं विचारलंस का नवऱ्या मुलाला?" मी म्हटलं.

"विचारलं ना. आईला विचारून सांगतो म्हणालेला."

"मग?"

"मामा, दिवाळीत म्हणालेला. आता आंबे आले."

"मग तूच विचार सासूला."

"मी विचारलं की ते मागणं होतं. घरात पाऊल टाकायच्या आधी टेबल मागतेय, असं दिसेल." तिने ब्रश पाण्यात बुडवला. "त्यांनी बघून आपणहून विचारलं, की हे कुठे बसून केलंस, तर गोष्ट वेगळी. म्हणून याला रुखवतात ठेवणारे मी."

"आणि नाही विचारलं तर?"

"तर हा शेवटचा. रंग देऊन टाकीन कोणाला तरी."

हे तिने ब्रश निथळत सांगितलं, आवाज न बदलता. तिच्या आवाजात फरक पडत नाही तेव्हा गोष्ट गंभीर असते, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

मुलीच्या हातचं काम सासरच्या बायकांनी पाहावं, हा रुखवताचा मूळ हेतू. आता ते भाड्यानेही मिळतं. ताई कल्याणच्या बाजारातल्या एका दुकानात जाऊन तसं एक ठरवूनही आली होती. आकाशदिवा, लोकरीचं वृंदावन आणि क्रेपच्या कागदाची मोरांची जोडी, सगळं मिळून एका दिवसासाठी. भाचीने ते रद्द करायला लावलं. माझ्या नावावर दुसऱ्याचे मोर चालणार नाहीत, असं तिचं म्हणणं. ताई शेवटी तयार झाली, पण एका अटीवर.

"तुझा मामा तपासून देईल. विहीणबाईंनी विचारलं, हे काय आणि ते काय, तर उत्तर बरोबर पाहिजे. उगाच हसं नको."

मी वर्तमानपत्रात आयुष्यभर दुसऱ्यांच्या बातम्या तपासल्या. रशियन घोडदळ कधी वाट्याला आलं नव्हतं. दोन-तीन दिवस वाचन केलं आणि मग भिंग घेऊन बसलो. भाचीने माहिती पुरवली, ताई खुर्ची ओढून शेजारी बसली.

छातीच्या डाव्या बाजूला पहिला एक पांढरा क्रूस होता. त्याची फीत नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांची. हा संत जॉर्ज यांच्या नावाचा किताब, लढाईत स्वतः शौर्य गाजवलं तरच मिळायचा. त्याच्या शेजारी काळ्या काठाचा गडद लाल क्रूस, संत व्लादिमीर यांच्या नावाचा. त्याच्या फितीला वर एक गाठ मारलेली होती. तोच किताब कचेरीतल्या माणसांनाही मिळायचा, पण गाठ असली की लढाईतला समजायचा. गळ्यातला लाल क्रूस संत आन्ना यांच्या नावाचा. तलवारीची मूठ सोनेरी, कारण शौर्याबद्दल सोन्याच्या मुठीची तलवार देण्याची तिकडे पद्धत होती. आणि छातीवर सगळ्यात शेवटी फिक्या निळ्या फितीचं एक चांदीचं पदक. त्यावर त्रिकोणात एक डोळा. तो डोळा भाचीने कशाने काढला, हे मी विचारलं नाही. भिंगातून तो माझ्याकडे बघत होता.

"एवढं सगळं एकट्याला?" ताई म्हणाली.

"आई, याच्याहून जास्त असलेले होते. मी कमीच घेतलेत."

"तब्येत बरी होती म्हणायची."

अडचण निघाली ती त्या चांदीच्या पदकात. नेपोलियनने रशियावर स्वारी केली, त्या मोहिमेत लढलेल्यांचं ते पदक. पण ते जाहीर झालं शत्रू देशाबाहेर गेल्यावर. आणि भाचीने अधिकाऱ्याच्या पायाखाली बर्फ घातला होता. त्याच्यापुढे ठेवायच्या कार्डावर लिहिलं होतं, 'माघार घेणाऱ्या फ्रेंचांच्या पाठलागावर, रशिया'. म्हणजे तो ज्या बर्फात उभा होता त्या बर्फात त्याला ते पदक अजून मिळालेलं नव्हतं.

भाचीचा चेहरा उतरला. "म्हणजे पदक काढू?"

"बर्फ काढ," ताई म्हणाली. "पदक राहू दे. डोळा छान आलाय."

"बर्फ निघत नाही, आई. तो चिकटवलाय. खाण्याचा सोडा आहे तो, डिंकात."

"माझा सोडा?"

हा वाद वाढण्याआधी मी माझ्या धंद्यातला तोडगा काढला. बातमीला हात लावायचा नाही, गाव बदलायचं. नेपोलियनचा पाठलाग करत हेच लोक पुढे फ्रान्समध्ये शिरले आणि तेव्हाही हिवाळाच होता. तोपर्यंत पदक मिळालेलं असायला हरकत नव्हती. नव्या कार्डावर लिहिलं, 'फ्रान्सच्या वाटेवर, हिवाळा'.

ताईने अधिकाऱ्याकडे आणि मग कार्डाकडे पाहिलं. "बर्फ तोच?"

"बर्फ तोच. देश बदलला."

"तुमच्या पेपरात असंच चालायचं?"

मी भिंग पुसून ठेवलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी भाचीची आत्या साताऱ्याहून एसटीने ठाण्याच्या खोपट स्टँडवर उतरली. रुखवत मांडायचं काम तिच्याकडे. येताना तिने देऊळ आणि डाळींची सप्तपदी स्वतः करून आणली होती, आणि सुपारीचे नवरा-नवरीसुद्धा. देऊळ पूर्ण प्रवासात मांडीवर घेतल्यामुळे शाबूत आलं. सुपारीचा नवरा पिशवीत होता. खोपटच्या स्टँडवर पिशवी उघडली तेव्हा त्याचं डोकं आणि धड वेगळं झालेलं होतं, आणि डोकं सापडत नव्हतं.

ही गोष्ट आत्याने कोणालाच सांगितली नाही. लग्नघरात असं बोलू नये म्हणून सांगितली नाही, असं ती नंतर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची गौरीहराला बसली. पिवळी साडी नेसून, अन्नपूर्णेसमोर पाटावर, थोडे थोडे तांदूळ वाहत. एकदा बसली की मामा न्यायला येईपर्यंत मुलीने उठायचं नाही. मुहूर्ताला वेळ होता. मी चहा घेत होतो, तेवढ्यात करवली धावत आली आणि म्हणाली की नवरी बोलावतेय, लगेच.

भाचीच्या एका हातात तांदूळ होते आणि दुसऱ्या हातात करवलीचा फोन. तिने फोन माझ्यापुढे धरला. रुखवताच्या टेबलाचा फोटो होता. रशियन अधिकारी सुपारीच्या नवरीला खेटून उभा होता. कपाळाला बारीक मण्यांच्या मुंडावळ्या होत्या. गळ्यातला लाल क्रूस मोत्यांच्या हाराखाली गेला होता. छातीच्या उजव्या बाजूला खड्यांच्या टिकल्या लावल्या होत्या. सोनेरी, दोन रांगांत.

"मामा, त्याचं लग्न लावलंय," भाची म्हणाली.

"बघतो मी."

"ते लोक वर यायच्या आत बघ. मला उठता येत नाही." तिचा आवाज बदलला नव्हता.

मी टेबलापाशी पोचलो तेव्हा आत्या तिथेच खुर्ची टाकून बसली होती.

"आत्याबाई, हे काय केलंत?"

"काय केलं? नवरी एकटीच ठेवायची? लग्नाच्या टेबलावर? काहीतरीच तुमचं, मामा."

"पण हा नवरा नाहीये."

"नसेल. पण पुरुषमाणूस आहे, सरळ उभा आहे, अंगावर कपडे बरे आहेत. एवढं पुरतं."

"आणि टिकल्या?"

"उजवी बाजू भुंडी दिसत होती हो. डाव्या बाजूला एवढं सगळं आणि उजवीकडे काहीच नाही. कोणी करताना विसरलं असेल म्हटलं."

पदकं डावीकडेच लावतात, हे मी तिला सांगितलं. कोण म्हणतं, असं तिने विचारलं. माझ्याकडे वेळ नव्हता. मुंडावळ्या आणि हार लगेच निघाले. टिकल्या नखाने एकेक करून काढायला लागलो. एक टिकली मात्र भलतीच डावीकडे सरकलेली होती. ती निघाली तेव्हा तिच्या गोंदाला चिकटून पांढरा क्रूसही आला. फितीसकट.

नेमक्या त्याच वेळी मागून आवाज आला, "हा आमचा मुलगा का?"

विहीणबाई होत्या. बरोबर त्यांच्या धाकट्या जाऊबाई. दोघींनी टेबल लांबूनच पाहिलं असणार, कारण मुंडावळ्या माझ्या हातात होत्या आणि अधिकारी अजून सुपारीच्या नवरीच्या शेजारीच होता.

"नाही नाही," मी म्हटलं.

"सरदार केलाय हो तुमच्या मुलाला," आत्या म्हणाली. "मानाने केलाय."

"आमचा मुलगा विम्यात आहे," विहीणबाई म्हणाल्या. "एवढी पदकं त्याला कोण देणार?"

"अशा मिशाही नाहीत आमच्या मुलाला," जाऊबाई म्हणाल्या. "आणि घोडा कुठाय?"

"आत्ताच उतरलाय," मी म्हटलं. सवयीने.

कोणी हसलं नाही. वरपक्ष रुसण्याची वेळ लग्नात कधी येईल हे सांगता येत नाही, पण ती येताना कशी दिसते ते मला माहीत होतं. मी तपासून ठेवलेली सगळी माहिती एका दमात सांगितली. हा रशियन आहे, घोडदळातला, फ्रान्सच्या वाटेवरचा. गळ्यातला किताब हा. गाठीवाला तो, लढाईचा. मूठ सोन्याची, शौर्याबद्दल. आणि हे चांदीचं, यात लहानमोठं नाही, मोहिमेत लढलेल्या सगळ्यांना मिळालं, सेनापतीपासून शिपायापर्यंत.

"सगळ्यांना सारखंच?" विहीणबाईंनी विचारलं.

"हो."

"मग तो आहेर झाला." त्या खाली वाकल्या आणि पदकाकडे बघत राहिल्या. "डोळा काढलाय त्यात. पापणीसकट. कोणी केलंय हे?"

"मुलीने."

"विकतचं नाही?"

"देऊळ माझं," आत्या म्हणाली.

"आणि तुमच्या बोटाला काय चिकटलंय, मामा?"

मी बोट वर केलं. टिकली, आणि तिच्यामागे पांढरा क्रूस. "हे शौर्याचं," मी म्हटलं.

विहीणबाईंनी अधिकाऱ्याला टेबलावरून उचललं, टिकली माझ्या बोटावरून स्वतःच्या बोटावर घेतली आणि गौरीहराच्या खोलीकडे निघाल्या. मी मागोमाग गेलो. जाऊबाई आत्याशी देवळाच्या कळसाबद्दल बोलत मागेच राहिल्या.

सासू दारात आली की मुलीने आधी सासूकडे बघायचं असतं. भाचीने अधिकाऱ्याच्या छातीकडे पाहिलं.

"काकू, त्याचा जॉर्ज कुठाय?"

"कोण जॉर्ज?"

"पांढरा क्रूस."

विहीणबाईंनी बोट पुढे केलं. भाचीने श्वास सोडला आणि करवलीला मेकअपवालीकडून पापण्या चिकटवायचा गोंद आणायला पिटाळलं. विहीणबाई पाटाशेजारी सतरंजीवर बसल्या. शालूची पर्वा केली नाही. पर्समधून त्यांनी सुई काढली.

"असतेच माझ्याकडे. लग्नात कोणाचं ना कोणाचं हुक तुटतंच. सांग आता, कुठे लावू?"

"मी लावते ना, काकू."

"तू तांदूळ वाहा. उठायचं नाहीस, हात थांबवायचा नाहीस. मला सांग फक्त."

गोंद आला. सुईच्या टोकावर त्याचा एक थेंब घेऊन विहीणबाईंनी क्रूस टिकलीवरून सोडवला. त्यांचा हात हलत नव्हता. काजं करणाऱ्या बाईचा हात होता तो.

"डावीकडे," भाची म्हणाली. "तुमच्या नाही, त्याच्या डावीकडे."

"इथे? चांदीच्या नंतर जागा आहे बघ."

"नाही, सगळ्यात आधी. काळ्या-लालच्याही आधी. मानाप्रमाणे लावतात, हा सगळ्यात मोठा."

"म्हणजे पंगतीसारखं."

"हो. आणि फीत वर, थोडी... बास. सोडा."

विहीणबाईंनी सुई उचलली आणि अधिकाऱ्याला हातभर लांब धरून पाहिलं. मग चष्मा वर करून अगदी जवळ धरून पाहिलं. भाचीच्या मुठीतले तांदूळ तसेच राहिले होते.

"एवढं बारीक," विहीणबाई म्हणाल्या, "कुठे बसून करतेस तू?"

भाचीने एकदा माझ्याकडे पाहिलं. "गॅलरीत. टेबल आहे माझं. लहानच आहे."

"आमच्या गॅलरीत पाण्याची टाकी आहे."

"हो."

"उजेड काय तो पुढच्या खिडकीला. तिथे माझं मशीन असतं."

"माहितीये."

"माहितीये? कधी बघितलंस तू?"

"साखरपुड्याला."

"साखरपुड्याला मुली नवऱ्याकडे बघतात." विहीणबाईंनी अधिकाऱ्याला पाटाच्या कडेला, अन्नपूर्णेपासून बेताच्या अंतरावर उभं केलं. "मग हे टेबलाचं मला कोणी सांगितलं कसं नाही?"

"तो विचारतो म्हणालेला तुम्हाला."

"तो? त्याला स्वतःचा डबा कुठे विसरला ते विचारायची आठवण राहत नाही." त्यांचा हिशेब मनातल्या मनात चालू होता. "मी सकाळची कामं आवरून शिवायला बसते. उजेड असेपर्यंत."

"मी ऑफिसातून येते तेव्हा अंधारच असतो. माझा दिवा आहे."

"मग खिडकी कशाला पाहिजे?"

"रंग दिव्यात वेगळा दिसतो, काकू. निळ्यावर निळं असलं की कळतच नाही. एकदा दिवसा बघावंच लागतं."

यावर विहीणबाईंनी मान हलवली. काळ्यावर काळं शिवणाऱ्या बाईला हे समजावून सांगायची गरज नव्हती.

"रविवारी मी शिवत नाही," त्या म्हणाल्या. "रविवार घे."

"आणि शनिवार?"

"शनिवारी गिऱ्हाइकं असतात."

"अर्धा?"

बाहेरून गुरुजींचा आवाज आला, "मामा, मुलीला आणा!" मी पुढे झालो आणि भाचीच्या कोपराला हात लावला. ती उठली. उरलेले तांदूळ तिने एकदमच वाहिले, मुठीने.

"काकू, शनिवारी अर्धा दिवस?"

"आधी लग्न लाव," विहीणबाई म्हणाल्या आणि शालूला लागलेला सतरंजीचा धागा काढत आमच्या पुढे निघून गेल्या.

शनिवार मिटला तो सप्तपदीच्या वेळी. विहीणबाई मुलाच्या मागे उभ्या होत्या, भाची एकेक पाऊल टाकत होती, आणि दोन पावलांच्या मध्ये त्यांनी पुढे वाकून तिच्या कानात काहीतरी सांगितलं. भाचीने जोरात मान हलवली. गुरुजींना ते आपल्या मंत्राला उत्तर वाटलं. त्यांनी समाधानाने पुढचा मंत्र घेतला. नवरदेवाला काहीच कळलं नाही. शनिवारी दुपारी दोन वाजल्यानंतरची खिडकी त्याच्या बायकोची झाली आहे, हे त्याला त्या आठवड्यात टेम्पोतून टेबल उतरवताना समजलं.

पाचपरतावणाला मुलगी माहेरी आली तेव्हा तिच्या उजव्या हाताच्या तर्जनीवर, मेंदीच्या रंगावर, निळा रंग लागलेला होता. ताईने तो पदराने पुसायला घेतला.

"राहू दे, आई," ती म्हणाली. "ओला आहे अजून, पदराला लागेल. निघताना घाईत लागला."